शिवार फेरीला जाताना पिशवी रिकामी नेऊ नका

पोळा झाला की आमच्या वाचनालयात एकच विषय निघतो: यंदा अकोल्याला कोण कोण येणार? अकोला म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जाणं म्हणजे शिवार फेरी, विद्यापीठाच्या शेतातली उभी पिकं फिरून बघणं. मी वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या एका गावात ग्रंथपाल आहे. घरची कोरडवाहू शेतीही आहे. फेरीची बातमी पेपरात सगळ्यात आधी मी वाचते, म्हणून गाडीची यादीही माझ्याच वहीत होते. यादी करताना एखादे काकाजी हमखास विचारतात, "बाई, तिथं जाऊन भेटते काय?" मी सांगते, "टोपी अन् पिशवी तर भेटतेच काकाजी. बाकीचं तुम्ही काय घेऊन जाता त्याच्यावर हाय."

बाकीचं काय आणि कसं मिळवायचं, ते इथे लिहिते. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या गावांना ते जसंच्या तसं लागू पडेल. धान आणि संत्रावाल्यांनी पिकाचं नाव बदलून घ्यावं.

कधी जायचं

विद्यापीठात सगळ्यांना खुले असे दोन मोठे कार्यक्रम होतात. शिवार फेरी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, म्हणजे खरिपाचं पीक उभं असताना. डिसेंबरच्या शेवटी कृषी प्रदर्शन भरतं, कारण २७ डिसेंबर हा पंजाबरावांचा जन्मदिवस. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेला हा माणूस पुढे देशाचा कृषिमंत्री झाला आणि १९५९-६० च्या हिवाळ्यात त्यांच्या भारत कृषक समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. तेव्हा प्रदर्शन ही आपल्याकडची जुनी सवय आहे. दोन्हींच्या तारखा मात्र दरवर्षी पेपरात बघूनच ठरवा.

दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर शिवार फेरी करा. प्रदर्शनात मंडप असतो, अवजारं असतात, खायची दुकानं असतात आणि गर्दी असते. फेरीत मातीत उभं राहायला मिळतं आणि ज्याने ते पीक लावलं तो माणूस तुमच्या शेजारी उभा असतो. अडचण एकच, ती ऐन सोयाबीन काढणीच्या तोंडावर येते. लवकर येणारं सोयाबीन असेल तर घरातला एक जण वावरात आणि एक जण अकोल्याला, अशी वाटणी आधीच करून घ्या.

पहिल्या दिवशी उद्घाटनामुळे शास्त्रज्ञ मंडळी पाहुण्यांच्या मागे असतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर आवराआवर सुरू होते. मधला दिवस असेल तर मधला दिवस, आणि सकाळी लवकर. उन्हं वर आली की शेतकरीही दमतो आणि सांगणाराही.

जाण्याचं म्हणाल तर आमच्या लोकांना अजून शकुंतला आठवते. कारंजा-मूर्तिजापूर ती छोटी गाडी होती तेव्हा लोक तिच्यात झोपून जात, असं सासूबाई सांगतात. आता एसटीने मूर्तिजापूर आणि तिथून अकोला. बायांना अर्धं तिकीट, ६५ च्या पुढच्यांना अर्धं, ७५ च्या पुढच्यांना फुकट. त्यामुळे आधारकार्ड जवळ हवं. दहा-बारा जण जमले तर गावातली जीप परवडते, कारण परतीची शेवटची गाडी पकडायच्या घाईत दुपारचं शेत बघणं राहून जातं.

पिशवीत काय न्यायचं

सगळ्यात जास्त वेळ या तयारीला द्या. रिकाम्या पिशवीने गेलेला माणूस पत्रकं भरून आणतो. रोगट झाड घेऊन गेलेला माणूस उत्तर आणतो.

आदल्या संध्याकाळी वावरात जा. जे पीक त्रास देतंय त्याची तीन झाडं मुळासकट उपटा: एक चांगलं, एक नुकतंच बिघडायला लागलेलं आणि एक पुरतं गेलेलं. मधलं सगळ्यात महत्त्वाचं. मेलेल्या झाडावर नंतर आलेली बुरशी इतकी माजलेली असते की मूळ रोग कोणता होता ते ओळखू येत नाही. उपटताना ओढू नका, कुदळीने माती सैल करा, नाहीतर बारीक मुळ्या जमिनीतच राहतात आणि कीड किंवा कुज बहुतेक वेळा तिथेच असते. मुळाला ओल्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळा, वरचं झाड वर्तमानपत्रात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं की बंद गाडीत ते शिजतं आणि सकाळी हातात चिखल येतो.

किडे न्यायचे असतील तर खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली चालते, झाकणाला दाभणाने भोकं पाडायची. फवारणीच्या औषधाची बाटली कधीही नाही, कितीही वेळा धुतली तरी नाही.

फोनमध्ये तीन फोटो असू द्या: धुऱ्यावरून (बांधावरून) सगळं वावर, एक पूर्ण झाड आणि पानाची मागची बाजू. पानाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की डाग केवढा ते कळतं. पहिला फोटो लोक काढतच नाहीत. पण त्रास सगळ्या वावरात आहे की फक्त पाणी साचतं त्या खोलगट भागात, हे त्याच्यावरूनच समजतं आणि अर्धं निदान तिथेच होतं.

आतापर्यंत काय काय मारलं त्याची बिलं किंवा डब्यांचे फोटो न्या. "ते निळ्या डब्यातलं, दुकानदारानं देल्लं" एवढ्यावर कोणताही शास्त्रज्ञ काही सांगू शकत नाही.

माती न्यायची असेल तर ती नीट काढा. धुरा, झाडाची सावली, उकिरडा, नुकतंच खत टाकलेली जागा सोडून वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सगळी माती घमेल्यात नाही, स्वच्छ कापडावर एकत्र करा. मग ढीग पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळायचे, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा आणि आत चिठ्ठी टाका: नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक. खताच्या रिकाम्या थैलीत माती भरलीत तर त्या थैलीतलंच खत तुमच्या वावराच्या नावावर लागेल. तपासणीला शुल्क असतं आणि अहवाल लगेच हातात पडत नाही, हे सोबतच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर गाडीत भांडण.

कोणाला न्यायचं

ज्याच्या नावावर सातबारा तो जातो, हा आपला रिवाज. मला तो पटत नाही. फवारा ज्याच्या पाठीवर असतो तो शेतमजूर जायला हवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते फवारणारे हात होते. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, ही गोष्ट मालकाला माहीत असून पुरत नाही. म्हणून आमच्या यादीत प्रत्येक जीपमध्ये दोन जागा फवारणी करणाऱ्यांच्या असतात आणि त्यांची त्या दिवसाची रोजी ज्याच्या त्याच्या मालकाने द्यायची. पहिल्यांदा कुरकुर झाली. झाली तर झाली.

तसंच वेचणी आणि निंदणाच्या बाया. बोंडअळी पहिल्यांदा कोणाला दिसते? जिचा हात दिवसभर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फिरतो तिला.

पाटी वाचायला शिका

शेतात गेल्यावर लोक पिकाकडे बघतात आणि "लय भारी हाय" म्हणून पुढे सरकतात. आधी पाटी वाचा. पाटीवर वाणाचं नाव, पेरणीची तारीख, अंतर आणि खतमात्रा लिहिलेली असते. वाणाचं नाव ओळखीचं असेल तर तेवढ्यावर थांबू नका, पेरणीची तारीख बघा. आपलं सोयाबीन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं असेल आणि तिथलं जूनमधलं असेल, तर शेंगांची तुलना करून जीव जाळण्यात अर्थ नाही.

मग सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: जमीन कोणती, पाणी दिलं का, आणि तणनाशक मारलं की निंदण केलं. विद्यापीठाच्या शेतात पावसाने ओढ दिली की संरक्षित ओलीत देता येतं. आपल्या बरड जमिनीत देव देईल तेवढंच. म्हणून कोरडवाहू प्रयोग कुठे आहे ते विचारून आधी तिकडे जा. विदर्भातली बहुतेक शेती पावसावरची आहे, तेव्हा आपल्या कामाचं तिथेच जास्त.

पाटीवरचं उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये असतं. आपण बोलतो एकरी. अडीचने भागायचं. हेक्टरी २५ म्हणजे एकरी १०. हे एवढं गणित न केल्यामुळे गावात परत येऊन "तिथं पंचवीस पिकते" अशी आवई उठते, आणि मग बियाण्याच्या दुकानासमोर रांग.

आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत येते पण कोणी विचारत नाही. एकच वाण तीन-चार ठिकाणी, उलटसुलट क्रमाने लावलेलं असतं. त्याला कारण आहे. समजा, प्रयोगाचा वाफा ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे १५ चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्या वाफ्यात पाव किलो दाणे इकडचे तिकडे झाले, चिमण्यांनी खाल्ले किंवा एका कोपऱ्यात पाणी साचलं, तर हिशेबात हेक्टरी १६७ किलोचा फरक पडतो. एका वाफ्यावर भरवसा ठेवला तर कोणतंही वाण राजा होईल आणि कोणतंही भिकारी. म्हणून तेच वाण वेगवेगळ्या जागी पेरून सरासरी काढतात. कडेच्या ओळी तर हिशेबात धरतच नाहीत, कारण कडेच्या झाडाला ऊन, हवा आणि खत जास्त मिळतं. आपण मात्र रस्त्यावरून, नेमक्या त्या कडेच्या ओळीच बघत असतो! आत शिरायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर निदान वाकून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बघा.

प्रयोगात एक जुनं, सगळ्यांच्या माहितीतलं वाण तुलनेसाठी हमखास असतं. ते कोणतं, हे विचारा. नवं वाण कोणापेक्षा चांगलं आहे, हे त्याशिवाय कळत नाही. आणि हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस जरा सरसावून बोलायला लागतो, हा फायदा वेगळा.

डोमकळी

कापसाच्या प्लॉटमध्ये गेलात तर घाई करू नका. गुलाबी बोंडअळीचं प्रात्यक्षिक असेल तर सगळा वेळ तिथे घालवला तरी चालेल.

पऱ्हाटीला फुलं लागली की काही फुलं नीट उमलत नाहीत. पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटून, पीळ दिल्यासारख्या बंद राहतात. हीच डोमकळी. आपल्याकडे पुष्कळांनी ती पाहिलेली असते आणि "पाण्यानं झालं" म्हणून सोडून दिलेली असते. सांगणाऱ्याने ती नखाने हळूच उकलली की आत बारीक जाळं दिसतं, अळीने धाग्याने पाकळ्या आतून शिवून टाकलेल्या असतात. परागाच्या पिवळ्या भुकटीत अळी बसलेली असते. कोवळी असेल तर पांढरट, डोकं काळपट. गुलाबी रंग ती मोठी झाल्यावर येतो. म्हणून "गुलाबी नाही, म्हणजे बोंडअळी नाही" असं समजणारे फसतात. दोन-चार डोमकळ्या स्वतःच्या हाताने उकला. पुस्तकातल्या चित्राने जे होत नाही ते या एका कामाने होतं. घरी आल्यावर रोज वावरात फिरताना डोळा आपोआप तिकडे जातो. दिसली की तोडायची, खिशात नाही, पिशवीत टाकायची आणि नष्ट करायची. ही अळी पुढे बोंडात शिरते, शिरल्याची जागा बुजून जाते आणि मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

तिथेच कामगंध सापळा लावलेला असतो. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, त्यामुळे नर पतंग येऊन अडकतात. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण अर्धा फूट वर हवा, म्हणजे पऱ्हाटी वाढली की सापळाही वर सरकवायचा. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, तेही सलग तीन रात्री, असं झालं की फवारणीचा विचार करायचा. एका दिवशी चार पतंग दिसले म्हणून दुकानाकडे पळायचं नाही. निंबोळी अर्क पाच टक्के कसा करायचा तेही विचारून घ्या: पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून एकूण शंभर लिटर. निंबोळ्या मात्र उन्हाळ्याच्या शेवटी-पावसाळ्याच्या सुरुवातीला गोळा करून ठेवल्या असतील तरच. ऑक्टोबरात कुठून आणणार?

बोंडअळीला मारणारा जनुक घातलेला बीटी कापूस २००२ साली आला, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न संपला असं वाटलं होतं. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भातली बोंडं पोखरली. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी बोंडांसाठी पऱ्हाटी उभी ठेवली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. प्लॉटवरचा माणूस हे सांगेलच आणि आपल्यातला कोणीतरी म्हणेलच, "सायेब, शेवटची वेचणी सोडाची कशी? पोरीचं लगन हाय." हा प्रश्न खरा आहे. तो तिथे विचारलाच पाहिजे. फरदडीचं उत्पन्न किती आणि पुढच्या वर्षी फवारणीचा वाढणारा खर्च किती, हे आकडे मांडून घ्या. नुसतं "काढून टाका" ऐकून परत येऊ नका.

मंडपातलं व्याख्यान

कार्यक्रमपत्रिकेवर दहाची वेळ असेल तर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यांत पहिला तास जातो. तो तास शेतात काढा आणि चर्चासत्र सुरू होताना मंडपात या. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसा, म्हणजे ध्वनिक्षेपक घेऊन फिरणारा मुलगा तुमच्यापर्यंत पोचतो. स्लाइडवर इंग्रजी आलं की मागे पुटपुटण्यापेक्षा तिथेच हात वर करा आणि "सर, मराठीत सांगा" म्हणा. राग येत नाही कोणाला. उलट बहुतेक वक्ते कुठल्यातरी खेड्यातूनच शिकून आलेले असतात आणि एकदा वऱ्हाडीवर घसरले की छान बोलतात.

प्रश्न आधी कागदावर लिहा. आपल्याकडे प्रश्नाच्या नावाखाली भाषण होतं, सरकारला दोन शिव्या होतात, टाळ्या पडतात आणि वेळ संपतो. "सायेब, तुरी वायतात, काय मारू?" हाही प्रश्न नाही. तो असा विचारा: जमीन भारी, पेरणी जूनअखेर, तीन वर्षं त्याच वावरात तूर, सप्टेंबरपासून झाडं एकेक करून माना टाकतात, खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते. आता वक्ता लगेच सांगेल की ही मर, जमिनीतली बुरशी आहे, वरून फवारून उपयोग नाही. पीक बदला, मर सहन करणारं वाण घ्या, पेरताना ट्रायकोडर्माची (उपयोगी बुरशीची) बीजप्रक्रिया करा. नुसत्या साचलेल्या पाण्याने गुदमरलेल्या तुरीला आतली ती रेघ नसते. म्हणजे घरून नेलेलं झाड तिथे चिरून दाखवलंत तर एका मिनिटात काम होतं.

बायांनी प्रश्न विचारायचा तर आधी दोघी-तिघींनी ठरवून एकत्र बसावं. एकटीने उठायला जड जातं, हे मी बघितलंय. आमच्या गटातल्या एका वहिनीने वेचणीच्या दिवसांत हातांना सुटणाऱ्या खाजेबद्दल विचारलं, तेव्हा मंडपात हसू आलं. बोंडअळी लागलेल्या कपाशीत वेचताना अशी खाज सुटल्याच्या तक्रारी गावोगाव होत्याच. वक्त्याने तो प्रश्न गंभीरपणे घेतला आणि हसणारे गप्प झाले.

कार्यक्रम संपल्यावर वक्त्याभोवती घोळका होतो. त्यात शिरू नका. ते कोणत्या विभागाचे ते लिहून घ्या आणि दुपारी त्या विभागाच्या दालनात किंवा प्लॉटवर जा. तिथे त्यांच्या हाताखाली शिकणारी पीएच.डी.ची मुलं-मुली उभी असतात. खरं सांगू, साहेबांपेक्षा तीच जास्त सांगतात. रोज मोजमाप तीच घेतात.

दुकानं

खासगी कंपन्यांची दालनं आणि विद्यापीठाच्या विभागांची दालनं एकाच मंडपात असतात. विद्यापीठाच्या आवारात आहे म्हणून विद्यापीठाची शिफारस आहे, असं नसतं. चकचकीत बाटलीतलं टॉनिक घेण्याआधी विद्यापीठाच्या दालनात जाऊन विचारा, याची शिफारस आहे का? कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षीच्या संयुक्त बैठकीत ठरतात आणि छापून येतात. विद्यापीठाच्या दालनात 'कृषी संवादिनी' मिळते, ती एक प्रत गावासाठी घ्याच. आमच्या वाचनालयात ती बाहेर नेऊ देत नाही, बसून वाचायची. पानं गायब होतात.

बियाणं घेणार असाल तर थैलीवरच्या टॅगचा रंग बघा. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रतला हिरवा. सोयाबीनचं नवं वाण आवडलं तर सगळ्या वावराचं बियाणं विकत घ्यायची गरज नाही. एक थैली घ्या, वेगळी पेरा, पुढच्या वर्षी घरचंच बियाणं होईल, कारण सोयाबीन स्वपरागीत आहे, म्हणजे त्याचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. संकरित कपाशीचं तसं करता येत नाही. घरचं सोयाबीन ठेवताना मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवा, पोत्यांची उंच थप्पी लावू नका आणि पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण बघा. ७० च्या वर आले तर ठीक.

बचत गटांनी पीकेव्ही (पंजाबराव कृषी विद्यापीठ) मिनी डाळ मिल चालू अवस्थेत बघावी. ही याच विद्यापीठाने काढलेली, त्यामुळे खोलात विचारता येतं: वीज कोणती लागते, रोल किती दिवसांनी बदलावा लागतो, तो कुठे मिळतो, चुरी, म्हणजे तुटलेली डाळ, किती पडते. किंमत सगळे विचारतात. चुरीचं कोणी विचारत नाही, आणि नफा तिथेच गळतो.

धानवाल्यांना विद्यापीठाचं सिंदेवाहीचं संशोधन केंद्र जवळ. संत्रा-मोसंबीवाल्यांनी काटोलचं केंद्र किंवा नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था गाठावी, कापसाची केंद्रीय संस्थाही नागपुरातच. शाळेची सहल असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय जोडून घ्या. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं ते ग्रामोद्योगाचं संग्रहालय मुलांना आवडतं.

घरी आल्यावर

दोन दिवसांच्या आत बैठक लावा, नाहीतर सगळं विरून जातं. आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर बसतो. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, ती पण स्वतः बघितलेली. पत्रकं वाचून दाखवायची नाहीत.

ऐकलेलं सगळ्या वावरात करू नका. सहा तासं (पिकाच्या ओळी) नव्या पद्धतीने करा, शेजारची सहा जुन्याच पद्धतीने ठेवा आणि दोन्हींचं वजन वेगळं करा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात दोन-चार वेगळ्या लोंब्या बघितल्या, त्या वेगळ्या काढल्या आणि वेगळ्याच पेरत गेले. त्यातून एचएमटी तांदूळ निघाला. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. वेगळं ठेवायची शिस्त होती.

मधे अडलं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. त्यापेक्षा चांगलं म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसालाच गावात बोलावणं. वाशीमचं केंद्र रिसोड तालुक्यात करड्याला आहे. पत्र ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या लेटरहेडवर लिहा. विषय 'शेतीविषयक मार्गदर्शन' असा लिहिलात तर सत्कार करून घेणारे पाहुणे येतील. 'तुरीवरील मर, सुमारे चाळीस शेतकरी, प्रत्यक्ष वावरात' असं लिहिलंत तर तुरीवर काम करणारा माणूस येईल. दोन-तीन तारखा द्या आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा. वेळ सकाळी आठची ठेवा, प्रोजेक्टर नको म्हणून कळवा आणि कोणत्या वावरात जायचं त्याच्या मालकाला आदल्या दिवशी आठवण करा, कारण कुंपणाच्या फाटकाची किल्ली त्याच्याकडे असते.